पान जुने, निकाल नवा : ब्राऊजरच्या ‘कॅशे’ला हेडरचा लगाम

(प्रतिनिधी)

छत्रपती संभाजीनगर - दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस. मंडळाने दुपारी एकची वेळ दिलेली असते. परंतु विद्यार्थी आणि पालक बारापासूनच संकेतस्थळ उघडून बसतात. एक वाजतो, शेजारच्या घरात पेढे वाटले जातात आणि आपल्या पडद्यावर मात्र ‘निकाल एक वाजता जाहीर होईल’ ही ओळ हलायला तयार नसते. इंटरनेट सुरू असते, संकेतस्थळही बंद नसते. मग अडते कुठे? अनेकदा ब्राऊजर सर्व्हरकडे गेलेलाच नसतो. तासाभरापूर्वी जपून ठेवलेली प्रतच तो पुन्हा पुढे करीत असतो.

याच्या अगदी उलट प्रकार नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात घडू शकतो. एक विद्यार्थिनी आपले गुण पाहून उठून जाते. तिच्या जागी बसलेला मुलगा ‘बॅक’चे बटण दाबतो आणि तिची गुणपत्रिका त्याच्यासमोर येते. पहिल्या प्रकारात हवे ते पान मिळाले नाही. दुसऱ्यात नको त्या माणसाला मिळाले. दोन्हींचे मूळ एकच आहे. कोणते पान, कोणी, किती काळ जपावे हे सर्व्हरने स्पष्ट सांगितले नव्हते. हे सांगण्याची सोय वेबच्या नियमांत पहिल्या दशकापासूनच आहे. तिचे नाव एचटीटीपी हेडर.

कॅशे म्हणजे काय?

या ‘कॅशे’चा रोकडीशी संबंध नाही. एकदा आणलेली वस्तू पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवण्याचा साठा, असा त्याचा अर्थ. आपण एखादे पान उघडतो तेव्हा त्यातील मजकूर, चित्रे, रंगसंगतीच्या आणि प्रोग्रॅमच्या फाइली सर्व्हरकडून येतात. ब्राऊजर त्यांच्या प्रती संगणकावर किंवा मोबाइलवर ठेवतो. पुढच्या वेळी तीच फाइल लागली, की ती साठ्यातून काढली जाते. त्यामुळे पान झटकन उघडते, डेटा वाचतो आणि सर्व्हरवरचा भारही हलका होतो.

संस्थेचे बोधचिन्ह किंवा मुखपृष्ठावरील छायाचित्र वर्षभर बदलत नाही. अशा वस्तूंसाठी कॅशे हे वरदानच. प्रश्न येतो तो ‘डायनॅमिक’ पानांचा. ही पाने आधी लिहून ठेवलेली नसतात. विचारणा झाली, की सर्व्हरवरील प्रोग्रॅम डेटाबेसमधून माहिती काढतो आणि त्या क्षणी पान तयार करतो. निकाल, सातबारा, रेल्वेचे आरक्षण, बँकेतील शिल्लक, धरणातील पाणीसाठा ही सारी पाने या जातीची. त्यांचा पत्ता तोच राहतो. मजकूर मात्र वेळेनुसार आणि माणसानुसार बदलतो. ब्राऊजरला पत्ता दिसतो, बदल दिसत नाही. गोंधळाचे मूळ येथे आहे.

सांगितले नाही, तर अंदाज

सर्व्हर पानासोबत काही ओळी पाठवतो. त्या वाचकाला दिसत नाहीत, ब्राऊजरला दिसतात. पत्राच्या पाकिटावर ‘गोपनीय’, ‘तातडीचे’ असे लिहिलेले असते, तसेच हे. याच त्या हेडरच्या ओळी.

पाकिटावर काहीच लिहिलेले नसेल, तर ब्राऊजरला स्वतः ठरविण्याची मुभा आहे. पान शेवटचे कधी बदलले हे ‘लास्ट-मॉडिफाइड’ या हेडरमधून कळत असेल, तर त्या दिवसापासून लोटलेल्या काळाचा दहावा भाग इतका वेळ पान ताजे मानावे, असा ढोबळ हिशेब प्रचलित आहे. प्रमाणग्रंथातही या दहा टक्क्यांचा उल्लेख आहे. आता निकालाच्या सूचनेचे पान घेऊ. ते दहा दिवसांपूर्वी लिहिले गेले, असे समजा. विद्यार्थ्याने निकालाच्या दिवशी दुपारी बाराला ते पाहिले. दहा दिवसांचा दहावा भाग म्हणजे एक दिवस. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत तेच पान साठ्यातून दाखवायला ब्राऊजर मोकळा! चूक ब्राऊजरची नाही. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते.

पत्त्यात प्रश्नचिन्ह असलेली पाने साठवली जात नाहीत, असा एक समज संकेतस्थळे बनविणाऱ्यांमध्ये बराच काळ रूढ होता. १९९९ च्या नियमांत अशा पानांबाबत अंदाज बांधण्यास मनाई होतीही. पण तिचे पालन सर्रास झाले नाही आणि २०१४ च्या नियमांत ती काढून टाकण्यात आली. म्हणून नशिबावर न विसंबता स्पष्ट सूचना देणे हाच खात्रीचा मार्ग.

‘एक्स्पायर्स’ आणि साडेपाच तास

टिम बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि हेन्रिक फ्रिस्टिक नील्सन यांनी मे १९९६ मध्ये एचटीटीपीच्या १.० या आवृत्तीचे टिपण प्रसिद्ध केले. त्यात ‘एक्स्पायर्स’ हे हेडर होते. दुधाच्या पिशवीवर अंतिम तारीख असते, तशीच ही पानाची अंतिम वेळ. ती उलटेपर्यंत प्रत ताजी, नंतर शिळी. वेळ भूतकाळातील दिली, तर पान येतानाच शिळे ठरते.

या पद्धतीत दोन खाचखळगे होते. वाचकाच्या संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल, तर हिशेबही चुकतो. दुसरा खळगा आपल्याकडचा. ही वेळ ग्रिनिच प्रमाणवेळेतच लिहावी लागते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. निकाल दुपारी एकला लागणार म्हणून ‘१३:००’ असे लिहून मोकळे होणाऱ्याचे पान आपल्याकडे संध्याकाळी साडेसहापर्यंत ताजे मानले जाईल. तेथे ‘०७:३०’ लिहायला हवे होते.

जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीने ‘कॅशे-कंट्रोल’ हे नवे हेडर दिले. जून १९९९ मध्ये त्या नियमांची सुधारित आवृत्ती निघाली, जून २०१४ मध्ये कॅशेसाठी वेगळा ग्रंथ झाला आणि जून २०२२ मध्ये तो पुन्हा नव्याने लिहिला गेला. आज तोच लागू आहे. ‘कॅशे-कंट्रोल’मध्ये तारीख नसते, सेकंद असतात. त्यामुळे घड्याळाचा आणि साडेपाच तासांचा घोळ संपतो. दोन्ही हेडर असतील, तर ‘कॅशे-कंट्रोल’मधील मुदत ग्राह्य धरली जाते.

महत्त्वाच्या सूचना

‘कॅशे-कंट्रोल’ या नावापुढे एक किंवा अधिक सूचना स्वल्पविरामाने जोडून लिहितात. रोजच्या कामात लागणाऱ्या सूचना अशा :

- मॅक्स-एज : पान किती सेकंद ताजे मानावे. ६० म्हणजे एक मिनिट, ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस.
- एस-मॅक्सएज : हीच मुदत, पण फक्त अनेकांसाठी काम करणाऱ्या सामायिक साठ्यांकरिता.
- प्रायव्हेट : पान एका व्यक्तीचे आहे. तिच्या ब्राऊजरने ठेवले तर चालेल, वाटेतील सामायिक साठ्यांनी ठेवू नये.
- पब्लिक : पान कोणीही साठवू शकतो.
- मस्ट-रिव्हॅलिडेट : मुदत संपल्यावर सर्व्हरला विचारल्याशिवाय जुनी प्रत कोणत्याही सबबीखाली दाखवू नये.
- नो-कॅशे : प्रत ठेवावी, पण दर वेळी सर्व्हरला विचारूनच दाखवावी.
- नो-स्टोअर : प्रत ठेवूच नये.

नावात फसू नका

या यादीतील शेवटच्या दोन सूचनांत सर्वाधिक गफलत होते. ‘नो-कॅशे’ हे नाव वाचून पान साठवले जाणार नाही, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ही सूचना साठवण्यास मनाई करीत नाही. न विचारता वापरण्यास मनाई करते. प्रत संगणकाच्या डिस्कवर राहू शकते. धरणाचा पाणीसाठा दाखविणाऱ्या पानाला हे चालेल. ते गुपित नाही, फक्त ताजे हवे. गुणपत्रिका, वैद्यकीय अहवाल किंवा बँकेचे पान यांना मात्र ‘नो-स्टोअर’च हवे. ताजेपणा ही एक गरज आणि गुप्तता ही दुसरी, हे ध्यानात ठेवले की गफलत टळते.

जुन्या पुस्तकांत ‘प्रॅग्मा: नो-कॅशे’ ही ओळ हमखास सापडते. ती मुळात ब्राऊजरकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या विचारणेसाठी होती. सर्व्हरच्या उत्तरात तिला निश्चित अर्थ नियमांनी कधी दिलाच नाही. तीच गोष्ट पानाच्या मजकुरात वर लिहिल्या जाणाऱ्या ‘मेटा’ ओळींची. वाटेतील साठे पान उघडून वाचत नाहीत, पाकीट पाहतात. त्यामुळे सूचना हेडरमध्येच हवी.

‘माझी प्रत अजून चालेल का?’

दर वेळी सर्व्हरला विचारायचे, तर कॅशेचा उपयोग काय, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर पडताळणीच्या पद्धतीत आहे. सर्व्हर पानासोबत ‘ईटॅग’ नावाचा एक खुणेचा क्रमांक पाठवतो. मजकूर बदलला, की क्रमांक बदलतो. पुढच्या वेळी ब्राऊजर तो क्रमांक दाखवून विचारतो, ‘माझ्याकडे ही प्रत आहे, अजून चालेल का?’ काही बदलले नसेल, तर सर्व्हर केवळ ‘३०४’ हा संकेत देतो आणि मजकूर पाठवत नाही. बदलले असेल, तर ‘२००’ या संकेतासह नवे पान येते. ‘लास्ट-मॉडिफाइड’ची वेळ दाखवूनही अशी विचारणा करता येते. मात्र ती वेळ सेकंदापर्यंतच मोजली जाते. एका सेकंदात दोनदा बदलणाऱ्या पानासाठी ईटॅगच भरवशाचा.

गर्दीच्या दिवशी या सोयीचे मोल कळते. राज्य मंडळाच्या नऊ विभागांपैकी एकट्या छत्रपती संभाजीनगर विभागात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली असे पाच जिल्हे येतात. संपूर्ण राज्यातून लाखो विद्यार्थी एकाच मिनिटाला एकच दार ठोठावतात. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल जाहीर झाला, तेव्हा गर्दीपुढे निकालाची संकेतस्थळे कोलमडली आणि विद्यार्थ्यांना कित्येक तास ताटकळावे लागले. एकाच वेळी एवढ्या लोकांना उत्तर देणे किती अवघड आहे, हे त्या दुपारी राज्याने पाहिले.

अशा वेळी सर्वांना सारखेच दिसणारे मुखपृष्ठ सामायिक साठ्यात अवघे दहा सेकंद ठेवले, तरी मोठा फरक पडतो. त्या दहा सेकंदांत हजारो लोक आले, तरी त्या साठ्याकडून मूळ सर्व्हरला ते पान एकदाच द्यावे लागते. वाचकाला फार तर दहा सेकंद जुने पान दिसते. निकालाचे स्वतंत्र पान मात्र या वाटेला जाता कामा नये. ते का, हे पुढील घटनेवरून स्पष्ट होईल.

एकाचे पान दुसऱ्याच्या हाती

पान ब्राऊजरपर्यंत थेट येतेच, असे नाही. वाटेत कॉलेजचा किंवा कार्यालयाचा प्रॉक्सी सर्व्हर असू शकतो. मोठी संकेतस्थळे तर आपली पाने जगभर पसरलेल्या वितरण जाळ्यांमार्फत देतात. हे साठे अनेकांसाठी असल्याने तेथील चूकही अनेकांना भोवते. ‘एचटीटीपीएस’मुळे वाटेतील परक्या प्रॉक्सीला मजकूर वाचता येत नाही. परंतु वितरण जाळे संकेतस्थळानेच नेमलेले असते, त्याला तो वाचता येतो.

२५ डिसेंबर २०१५ रोजी ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या विक्री संकेतस्थळावर हेच घडले. त्या दिवशी संकेतस्थळावर विचारणांचा हेतुपुरस्सर भडिमार सुरू होता. त्याला तोंड देण्यासाठी कॅशेची नवी मांडणी घाईने लागू करण्यात आली आणि तिच्यात चूक राहिली. खाते उघडून बसलेल्या एका ग्राहकाचे पान साठ्यात गेले आणि दुसऱ्याला दाखवले गेले. कोणाचा ईमेल, कोणाचा पत्ता, कोणाची खरेदीची यादी परक्यांच्या पडद्यावर आली. सुमारे ३४ हजार ग्राहकांच्या पानांवर परिणाम झाल्याचे ‘व्हॉल्व्ह’ या मालक कंपनीने नंतर सांगितले. गर्दी आवरण्याचे औषधच चुकीच्या पानाला दिले, तर काय होते, याचा हा धडा आहे.

सामायिक साठ्यांसाठी आणखी एक हेडर महत्त्वाचे आहे, ते म्हणजे ‘व्हॅरी’. एकाच पत्त्यावर वाचकाच्या आवडीनुसार मराठी किंवा इंग्रजी पान मिळत असेल, तर भाषेनुसार प्रती वेगळ्या ठेवा, असे ‘व्हॅरी’ सांगते. ते नसेल, तर आधी इंग्रजी वाचक येऊन गेल्यावर मागून येणाऱ्या मराठी वाचकाच्या हातीही इंग्रजीच पान पडू शकते.

‘बॅक’चे बटण

‘बॅक’ दाबल्यावर दिसणारे पान कॅशेतूनच आले पाहिजे, असे नाही. ब्राऊजर इतिहासाची वेगळी नोंद ठेवतो. मघाशी जे पाहिले तेच पुन्हा दाखवणे हे तिचे काम असल्याने प्रत शिळी असली तरी ती दाखवली जाते. आधुनिक ब्राऊजर तर अख्खे पान जसेच्या तसे स्मृतीत गोठवून ठेवतात. ‘नो-स्टोअर’ असलेली पाने असे गोठवायची नाहीत, ही ब्राऊजरांची जुनी रीत. अलीकडे क्रोमने ती काही अटींवर शिथिल केली आहे. म्हणून सार्वजनिक संगणकावर हेडर हा एक पहारेकरी समजावा, एकमेव नव्हे. काम संपल्यावर ‘लॉगआउट’ करणे आणि ब्राऊजरच्या सर्व खिडक्या बंद करणे आवश्यकच.

अर्ज कोणत्या पद्धतीने पाठवला जातो, हेही महत्त्वाचे आहे. मंडळाच्या निकालासाठी बैठक क्रमांक आणि आईचे नाव द्यावे लागते. अशी माहिती ‘गेट’ पद्धतीने पाठवली, तर ती पत्त्याच्या ओळीत उमटते आणि ब्राऊजरच्या इतिहासात राहते. तेथे ‘नो-स्टोअर’चा इलाज चालत नाही. ‘पोस्ट’ पद्धतीत ती पत्त्यात येत नाही आणि तिचे उत्तरही सहसा साठवले जात नाही.

कोणत्या पानाला कोणती सूचना?

- बोधचिन्ह, अक्षरसंच, रंगसंगतीच्या फाइली : ‘पब्लिक, मॅक्स-एज ३१५३६०००’, म्हणजे एक वर्ष. फाइल बदलली, की तिच्या नावात नवा आवृत्ती क्रमांक घालावा. नवे नाव म्हणजे ब्राऊजरच्या लेखी नवी वस्तू.
- विद्यापीठाच्या परीक्षांचे वेळापत्रक : ‘नो-कॅशे’ आणि ईटॅग. पेपर पुढे ढकलल्याची बातमी शिळ्या पानामुळे हुकता कामा नये.
- जायकवाडीचा पाणीसाठा आणि विसर्ग : ‘पब्लिक, मॅक्स-एज ६०’. पैठणच्या धरणाचे दरवाजे उघडले जात असताना नदीकाठच्या गावांना तासाभरापूर्वीचा आकडा उपयोगाचा नाही.
- सर्वांसाठी खुली बातमी : ‘पब्लिक, मॅक्स-एज ३००’, म्हणजे पाच मिनिटे.
- गुणपत्रिका, खात्यातील शिल्लक, भरलेला अर्ज : ‘नो-स्टोअर’.

पत्ता बदलताना विशेष सावध राहावे. केंद्र सरकारने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी औरंगाबाद शहराच्या नामांतरास मान्यता दिली. नाव बदलले, की पाट्यांबरोबर संकेतस्थळांचे पत्तेही बदलावेसे वाटतात. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठविण्यासाठी ‘३०१’ हा कायमस्वरूपी बदलाचा संकेत वापरतात. कालमर्यादा दिली नसेल, तर तोही ब्राऊजर साठवून ठेवू शकतो. नवा पत्ता लिहिताना एक अक्षर चुकले आणि ते नंतर दुरुस्त केले, तरी आधी येऊन गेलेल्या वाचकाचा ब्राऊजर जुन्या चुकीच्याच पत्त्यावर जात राहतो. त्यामुळे खात्री होईपर्यंत ‘३०२’ हा तात्पुरत्या बदलाचा संकेत वापरणे शहाणपणाचे.

तपासावे कसे?

संकेतस्थळ चालविणाऱ्या संस्थेला यासाठी मोठा खर्च येत नाही. पीएचपी भाषेत ‘सेशन’ सुरू केले, की नेहमीच्या मांडणीत ‘नो-स्टोअर, नो-कॅशे, मस्ट-रिव्हॅलिडेट’ या सूचना आपोआप जातात. सोबत ‘एक्स्पायर्स’मध्ये १९ नोव्हेंबर १९८१, ०८:५२ ही गतकाळातील वेळ जाते. ज्या पानात सेशन नाही, तेथे मात्र काहीच जात नाही. लॉगइन न करता निकाल दाखविणारी पाने नेमकी याच गटात मोडतात. तेथे सूचना हाताने लिहावी लागते आणि तीही पानाचे पहिले अक्षर बाहेर पडण्यापूर्वी. आधी एखादी रिकामी ओळ जरी गेली, तरी पाकीट बंद झालेले असू शकते.

कोणत्या सूचना जात आहेत, हे सामान्य वाचकालाही पाहता येते. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये ‘एफ १२’ दाबावे, ‘नेटवर्क’ विभाग निवडावा आणि पान पुन्हा उघडावे. प्रत्येक फाइलपुढे ती सर्व्हरकडून आली, ३०४ ने पडताळली गेली की साठ्यातून निघाली, हे दिसते. फाइलीच्या नावावर क्लिक केल्यास हेडरही वाचता येतात.

निकालाच्या दिवशी पान अडकल्यासारखे वाटले, तर ‘कंट्रोल’ आणि ‘एफ ५’ एकत्र दाबावे. साठा बाजूला ठेवून ब्राऊजर नवे पान मागतो. मोबाइलवर खासगी खिडकी उघडली, तरी जुनी प्रत आड येत नाही. तेही जमले नाही, तर अडचण कॅशेची नसून गर्दीची आहे, असे समजून थोडा वेळ थांबावे.

अर्थात, ही वाचकाने करायची मलमपट्टी झाली. वेळापत्रक, निकाल किंवा पाणीसाठा यांसारख्या पानांवर विसंबून माणसे निर्णय घेतात. ते पान कधीपर्यंत खरे आहे, हे ते तयार करणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून ते सांगण्याची जबाबदारीही त्याचीच. त्यासाठी लागते ती हेडरमधील एक ओळ.